दुभत्या गाईच्या लाथा

'दुभत्या गाईच्या लाथा गोड' ही म्हण मराठी माणसाने इतक्या वेळा उच्चारली आहे की तिच्यातील व्यवहार तपासून पाहण्याची गरज कुणालाच वाटत नाही. आम्ही पडलो इतिहासाचे शिक्षक. कोणतेही वचन समोर आले की ते कुणी, कुणाला आणि कुठे बसून ऐकवले असेल, हे विचारण्याची आम्हांला खोड आहे. या म्हणीला तोच प्रश्न विचारला की उत्तर चटकन मिळते. ही म्हण गोठ्यात जन्मलेली नाही. ती ओसरीवर जन्मलेली आहे. गोठ्यात धार काढायला उकिडवा बसतो तो गडी, आणि लाथ बसते ती त्याच्या गुडघ्याला किंवा छातीला. ओसरीवर ज्याच्यापुढे दुधाचा तांब्या येतो, त्याला लाथ ठाऊकच नसते. म्हणून ती गोड लागते. आमच्या आजोबांच्या पिढीच्या वाट्याला तर गाय येई ती मेल्यावरच. तेव्हा दुधाच्या गोडीविषयी बोलण्याचा अधिकार आमच्याकडे नाही. लाथ कुणाला बसते, एवढे सांगण्याचा मात्र निश्चित आहे.

स्मरणिकेच्या संपादक मंडळाने विद्यार्थ्यांना उपयोगी पडेल असे काही लिहा, असे सुचवले, तेव्हा हाच विषय मनात आला. अलीकडे मुलांच्या बोलण्यात एक समजूत वारंवार डोकावते. फार हुशार माणूस थोडा तुसडा, तिरसट, माणसांना तुच्छ लेखणारा असायचाच. त्याच्या बुद्धीसाठी एवढे सोसलेच पाहिजे. काही मुले तर आणखी एक पायरी पुढे गेली आहेत. तुसडेपणा ही हुशारीची खूणच आहे, असे मानून ती आधी तुसडेपणाचा सराव करतात; हुशारी मागाहून येईल, असा त्यांचा हिशेब असावा. ही समजूत खरी की खोटी, हे ज्याचे फळ आज प्रत्येकाच्या खिशात आहे, अशा एका उदाहरणावरून पाहावे असे आम्ही ठरवले.

मोबाइलच्या पोटात जी नखाएवढी चिप असते, तिच्यात अब्जावधी ट्रान्झिस्टर असतात. या ट्रान्झिस्टरचा जन्म अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यात, बेल लॅबोरेटरीज या संस्थेत झाला. १६ डिसेंबर १९४७ रोजी जॉन बार्डीन आणि वॉल्टर ब्रॅटन या दोघांनी जर्मेनियमच्या तुकड्यावर सोन्याचे दोन स्पर्शबिंदू टेकवून विद्युत संकेत वाढवून दाखवला. त्यांचे गटप्रमुख होते विल्यम शॉकली. गटाच्या यशाने आनंद झाला, पण त्या शोधात आपण स्वतः नाही या सलाने तो उणावला, अशी कबुली शॉकलींनीच पुढे दिली आहे. त्या नववर्षाच्या सुमारास शिकागोतील हॉटेलच्या खोलीत स्वतःला कोंडून घेऊन ते कागदामागून कागद लिहीत बसले. पुढच्या काही आठवड्यांत त्यांनी जी रचना सिद्ध केली, तो जंक्शन ट्रान्झिस्टर. बार्डीन-ब्रॅटन यांच्या नाजूक उपकरणापेक्षा हा अधिक भरवशाचा आणि कारखान्यात घडवता येण्याजोगा होता. ईर्ष्येतून निघालेले काम असले तरी ते थोर काम होते. शॉकलींची बुद्धी खोटी होती असे कुणी म्हणू नये, आम्हीही म्हणत नाही. दुसऱ्या महायुद्धात पाणबुड्यांच्या शोधाचे गणित बसवणारा हा माणूस. १९५० साली त्यांनी अर्धवाहकांवर लिहिलेल्या ग्रंथावर अभियंत्यांची एक पिढी घडली. गाय दुभती होती यात वाद नाही.

पण ही कल्पना शॉकलींनी काही आठवडे आपल्याच गटातील लोकांपासून लपवून ठेवली. प्रसिद्धीच्या छायाचित्रात ब्रॅटन यांच्या टेबलाशी, त्यांच्याच उपकरणापुढे, शॉकली स्वतः बसले आणि ज्यांनी ते उपकरण हातांनी घडवले ते दोघे मागे उभे राहिले. ब्रॅटन यांना ते छायाचित्र अखेरपर्यंत आवडले नाही. संशोधनाच्या पुढच्या वाटाही शॉकलींनी स्वतःकडे ठेवल्या. बार्डीन कंटाळले आणि १९५१ मध्ये इलिनॉय विद्यापीठात निघून गेले. १९५६ चे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक तिघांना मिळून मिळाले, तेव्हा ते तिघे एका छपराखाली काम करीत नव्हते.

बेल लॅबोरेटरीजने शॉकलींची बुद्धी ओळखली होती, तसा त्यांचा स्वभावही ओळखला होता. वरच्या प्रशासकीय जागा त्यांना मिळाल्या नाहीत. मग त्यांनी अर्नोल्ड बेकमन या उद्योजकाच्या भांडवलावर १९५६ मध्ये कॅलिफोर्नियातील माउंटन व्ह्यू येथे स्वतःची प्रयोगशाळा थाटली. (त्यांची आई जवळच पालो आल्टोत राहत असे, हे ती जागा निवडण्याचे एक कारण. इतिहास असा घरगुती कारणांनीही वळतो.) माणसे पारखण्यात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. देशभरातून त्यांनी एकाहून एक तल्लख तरुण गोळा केले. रॉबर्ट नॉइस आणि गॉर्डन मूर त्यांतलेच. येणाऱ्या उमेदवारांना मानसशास्त्रीय चाचण्या द्याव्या लागत. मूर यांनी पुढे हसत सांगितले आहे की, नॉइस आणि आपण दोघेही हुशार आहोत, पण चांगले व्यवस्थापक कधीच होणार नाही, असा त्या चाचण्यांचा निकाल होता.

इथून पुढची हकीकत आमच्या मुलांनी मुद्दाम लक्ष देऊन वाचावी. शॉकली सर्वांचे पगार सर्वांना दिसतील असे लावून ठेवत. सहकाऱ्यांकडून एकमेकांना गुण देववत. एखाद्याने प्रयोगाचा निष्कर्ष आणून दाखवला, तर त्याच्यादेखत जुन्या प्रयोगशाळेतील ओळखीच्यांना फोन लावून तो खरा आहे का, याची खात्री करून घेत. एकदा कार्यालयातील एका सेविकेचा हात दारात रुतलेल्या अणकुचीदार वस्तूने कापला. हा घातपात आहे अशी शॉकलींची खात्री झाली आणि माणसांना खोटे पकडणाऱ्या यंत्रापुढे बसवण्याचा घाट त्यांनी घातला. ती वस्तू म्हणजे डोके तुटलेली साधी टाचणी होती, हे नंतर सूक्ष्मदर्शकाखाली उघड झाले. ज्यांना जगातील अतिसूक्ष्म गोष्टी शोधायला आणले होते, त्यांची बुद्धी टाचणीच्या तपासात खर्ची पडली.

याहून मोठा तोटा मात्र असा कुणाला दिसलाही नाही. १९५६ साली नॉइस यांनी एका नव्या प्रकारच्या डायोडची कल्पना वहीत मांडली आणि ती शॉकलींना दाखवली. शॉकलींनी रस दाखवला नाही. नॉइस यांनी वही मिटली. १९५८ च्या आरंभी लिओ एसाकी या जपानी शास्त्रज्ञाने तीच कल्पना स्वतंत्रपणे सिद्ध करून प्रसिद्ध केली आणि १९७३ मध्ये त्यासाठी त्यांना नोबेल मिळाले. तुच्छतेने बसवलेल्या माणसांच्या मनात जे विचार येऊन विझतात, त्यांची नोंद कोणत्याही खतावणीत होत नाही. म्हणून 'त्याच्या स्वभावामुळे थोडे नुकसान झाले असेल, पण त्याच्या बुद्धीने केवढा फायदा झाला' हा जो हिशेब मांडला जातो, तो एकतर्फी असतो. जमेची बाजू छापील असते आणि खर्चाच्या बाजूला कोरे पान.

सप्टेंबर १९५७ मध्ये आठ जणांनी एकत्र राजीनामे दिले. इतिहासाने त्यांना 'आठ गद्दार' हे नाव दिले. आम्हांला या नावाची मौज वाटते. घर सोडणाऱ्याला गद्दार म्हणायचे आणि घर राहण्याजोगे का उरले नाही, ते विचारायचे नाही, ही रीत अमेरिकेतही आहे तर. त्या आठांनी फेअरचाइल्ड सेमीकंडक्टर ही कंपनी काढली. तिथे १९५९ मध्ये ज्यां होर्नी यांनी सपाट पृष्ठावर ट्रान्झिस्टर घडवण्याची पद्धत पूर्णत्वाला नेली, त्याच वर्षी नॉइस यांनी एकाच तुकड्यावर संपूर्ण परिपथ बसवण्याची कल्पना मांडली आणि आजच्या चिपचा मार्ग खुला झाला. शॉकलींची कंपनी १९६० मध्ये विकली गेली, पुन्हा विकली गेली आणि १९६८ मध्ये बंद पडली. त्याच १९६८ मध्ये नॉइस आणि मूर यांनी इंटेलची स्थापना केली. चांगले व्यवस्थापक होणार नाहीत म्हणून ज्यांच्या नावापुढे शेरा पडला होता, तेच हे दोघे.

शॉकली नसते तर ते आठ जण त्या खोऱ्यात जमलेच नसते, असे कुणी म्हणेल. ते खरे आहे. पण त्यांना जमवले ते शॉकलींच्या बुद्धीने आणि उधळले ते त्यांच्या वागण्याने. दुसरी गोष्ट पहिलीसाठी आवश्यक होती, असे सिद्ध करणारा पुरावा आम्हांला तरी सापडला नाही. उलट साक्ष देणारा माणूस त्याच गटात होता. बार्डीन अबोल, मृदू बोलणारे, शेजाऱ्यापाजाऱ्यांत मिसळून राहणारे गृहस्थ. इलिनॉयमध्ये त्यांनी लिऑन कूपर आणि रॉबर्ट श्रीफर या दोन तरुणांसह अतिवाहकतेचे कोडे उलगडले आणि १९५७ च्या मार्च महिन्यात तो सिद्धान्त विद्वानांपुढे मांडण्याचा मान त्या तरुणांकडे जाऊ दिला. १९७२ मध्ये या कामासाठी तिघांना नोबेल मिळाले. भौतिकशास्त्रात दोनदा नोबेल मिळालेला आजवरचा एकमेव माणूस बार्डीन आहे. ज्यांना तुसडेपणा हे बुद्धीचे इंधन वाटते, त्यांनी या दोघांची चरित्रे शेजारी ठेवून वाचावीत.

शॉकलींच्या उद्धटपणाचे मूळ कशात होते, हे त्यांच्या उत्तरायुष्यात उघड झाले. १९६३ पासून ते स्टॅनफर्ड विद्यापीठात प्राध्यापक होते. तिथे राहून त्यांनी कृष्णवर्णीय अमेरिकनांची बुद्धी आनुवंशिकतेनेच कमी असते, असा प्रचार सुरू केला. ज्यांचा बुद्ध्यंक कमी, त्यांनी पैसे घेऊन नसबंदी करून घ्यावी, अशी योजनाही सुचवली. ट्रान्झिस्टरचे नोबेल हे या प्रचाराचे ओळखपत्र झाले. म्हणजे पगार भिंतीवर लावणे, माणसांना परस्परांकडून गुण देववणे, यंत्रापुढे बसवणे हा केवळ तापट स्वभाव नव्हता. माणसांची एक प्रतवारी असते, ती आकड्यात मांडता येते आणि आपण तिच्या शिरोभागी आहोत, ही श्रद्धा त्यामागे होती. गंमत अशी की लहानपणी त्याच स्टॅनफर्डच्या टर्मन नावाच्या मानसशास्त्रज्ञाने असामान्य बुद्धीची मुले निवडण्यासाठी घेतलेल्या चाचणीत हे शॉकली निवडले गेले नव्हते.

जन्मावरून बुद्धीची प्रतवारी लावणाऱ्या श्रद्धेची ओळख आम्हांला कुणी नव्याने करून द्यावी लागत नाही. जातिव्यवस्था ही वंशशुद्धीची शास्त्रीय योजना आहे, असा जो युक्तिवाद आपल्याकडे होत असे, त्याचा समाचार बाबासाहेबांनी १९३६ मधील 'जातिनिर्मूलन' या न झालेल्या भाषणात घेतला आहे. आणि १९४३ साली पुण्यात रानड्यांच्या जयंतीच्या व्याख्यानात थोर माणूस कुणाला म्हणावे, हा प्रश्न त्यांनी नीट सोडवून मांडला. बुद्धी आणि प्रामाणिकपणा यांनी माणूस नामांकित होतो, पण थोर होण्यासाठी सामाजिक हेतूची प्रेरणा लागते आणि समाजाची घाण काढण्याची तयारी लागते, असा त्याचा सारांश आम्ही करू. सबंध हयात बुद्धीच्या बळावर उभे राहिलेल्या माणसाने बुद्धीला ही दुसरी पायरी द्यावी, हे आम्हांला फार मोलाचे वाटते.

आता आमच्या अनुभवातले. आम्ही ज्या गावी माध्यमिक शिक्षण घेतले, तिथे गणिताचे एक शिक्षक होते. भूमिती शिकवावी तर त्यांनीच. खडूच्या एका फिरकीत हातानेच वर्तुळ काढत आणि ते परकाराने काढल्यासारखे येई. पुढच्या बाकांवरच्या मुलांसाठी ते देव होते. मागच्या बाकांवर आम्ही वस्तीतले सात जण बसत असू. आम्हांला ते नावाने हाक मारीत नसत, 'सवलतवाले' म्हणत. शंका विचारली तर 'हे तुमचं काम नाही' असे म्हणून फळ्याकडे वळत. आमच्यातल्या एकाला तिसापर्यंतचे पाढे तोंडपाठ होते. दहावीच्या आधीच त्याने शाळा सोडली आणि वीटभट्टीवर मुकादमाचा हिशेब तो बोटांवर करून देऊ लागला. त्या शिक्षकांचा पुढे गावात सत्कार झाला. त्यांच्या हाताखालून किती अभियंते बाहेर पडले, ते वक्त्यांनी मोजून सांगितले. आकडा खरा होता. हाताखालून बाहेर पडलेच नाहीत अशांचा आकडा सांगणारा वक्ता त्या मंचावर नव्हता.

आणखी एक गोष्ट नोंदवल्याखेरीज राहवत नाही. ही माफी सर्वांना सारखी मिळत नाही. एकाच प्रकारे बोलणारी दोन माणसे घ्या. एकाला आपली भाषा 'परखड', 'मनस्वी', 'कलंदर' म्हणते. दुसऱ्याला 'उर्मट', 'शेफारलेला', 'माजलेला'. कुणाला कोणता शब्द लागायचा, हे बहुधा त्याच्या आडनावावरून ठरते. आमच्या वस्तीतल्या हुशार मुलाला तर उलटाच उपदेश मिळत आला: हुशार आहेस ना, मग जास्त नम्र राहा. म्हणूनच 'सभ्यपणे बोला' या नियमाकडेही आम्ही सावधपणे पाहतो, कारण अन्यायाविरुद्ध चढलेला आवाज दाबायला तो फार वेळा वापरला गेला आहे. वरच्याला जाब विचारताना जी धार येते, तिला आम्ही उद्धटपणा म्हणत नाही. 'तुझे उत्तर चूक आहे' असे स्पष्ट सांगणे हाही उद्धटपणा नव्हे; शिक्षकाने ते सांगितलेच पाहिजे. ज्याला उलट बोलता येत नाही त्याला हिणवणे, एवढ्यालाच आम्ही तो शब्द लावतो.

अशा वेळी संस्थेने काय करावे, हा प्रश्न दोन वर्षांपूर्वी आमच्याच शिक्षक कक्षात येऊन उभा राहिला. नववीतला एक मुलगा विजेच्या उपकरणांत असामान्य. वसतिगृहाचा इन्व्हर्टर, वर्गातला प्रोजेक्टर, मेसमधला मिक्सर, सगळे त्याच्या हाताखालून जाई. जिल्हा विज्ञान प्रदर्शनात त्याचे उपकरण पहिले आले आणि राज्य पातळीचे बोलावणे आले. संगणक कक्षाची किल्ली त्याच्याकडेच असे. सहावीतला एक लहानगा रोज तिथे येऊन त्याच्या कोपराशी उभा राही, सोल्डरिंग कसे करतात ते विचारी. एके दिवशी थोरल्याने चारचौघांत त्याला सांगितले, "हे तुझं काम नाही, तू आपला केर काढ." लहानग्याचे तिथे येणे बंद झाले. मेसमधल्या मावशींशीही हा मुलगा असेच बोलतो, हे मागाहून कळले. त्यांनी तक्रार केली नव्हती.

हे वाक्य आमच्या शाळेत, आमच्याच मुलाच्या तोंडून निघावे, याने आम्ही काही काळ सुन्न झालो. बैठकीत एका सहकाऱ्यांनी तीच गाईची म्हण ऐकवली. राज्याचे बक्षीस पहिल्यांदाच संस्थेच्या दारात येत आहे, आता मुलाला दुखवू नये, असे त्यांचे म्हणणे. दुसरे म्हणाले, प्रदर्शनाला पाठवूच नये. आम्हांला दोन्ही पटले नाही. उपकरण त्याने घडवले होते. ते हिरावण्याचा अधिकार कुणाला नव्हता. पण खोलीची किल्ली ही बुद्धीचे बक्षीस नव्हे. ती दुसऱ्यांना आत घेण्याची किंवा बाहेर ठेवण्याची सत्ता आहे. प्रतिभेला हवी ती साधने द्यावीत, तिच्या हाती माणसे मात्र देऊ नयेत, हा शॉकलींच्या प्रयोगशाळेचा धडा आम्ही त्या बैठकीत मांडला. बराच खल झाला. शेवटी किल्ली कार्यालयात आली, खोलीसाठी नोंदवही ठेवली गेली आणि मोठा असो की लहान, प्रत्येकाने वेळ लिहून सही करायची, असे ठरले. मुलगा राज्य प्रदर्शनाला गेला, तिथून प्रमाणपत्र घेऊन आला. बक्षीस मिळाले नाही. जाण्यापूर्वी या लहानग्याला मदतनीस म्हणून सोबत नेशील का, असे आम्ही त्याला विचारले होते. तो तयार झाला. लहानगा मात्र मान हलवून 'नको' म्हणाला आणि आम्ही आग्रह केला नाही. माफी मागायला लावता येते; माफ करायला लावता येत नाही.

ती नोंदवही अधूनमधून आम्ही चाळतो. जुने कागद चाळण्याची सवय, दुसरे काय. लहानग्याचे नाव मंगळवारी आणि गुरुवारी असते, थोरल्याचे रविवारी. दोघांची नावे एका पानावर आतापर्यंत एकदाच आली आहेत. गेल्या जुलैत मुसळधार पावसात वसतिगृहाचा इन्व्हर्टर बंद पडला, त्या रात्री. थोरल्याने कार्यालयात येऊन किल्ली मागितली होती आणि बॅटरी धरायला कुणीतरी हवे होते. वेळ लिहिली आहे ११.४०. परत केल्याची वेळ १२.२५. खाली दोन सह्या आहेत, त्यांतली एक पेन्सिलीने केलेली.